दोन बापांचं वेत

केनेल क्लबाच्या पिल्लांच्या नोंदणी अर्जात आईसाठी एक ओळ असते आणि बापासाठी एक. गेल्या काही वर्षांत क्लबाने दुसराही एक अर्ज छापला होता. फिकट निळ्या कागदाच्या या अर्जात बापासाठी तीन ओळी होत्या. एकाच माजात कुत्रीला एकाहून जास्त कुत्रे लागले असतील, किंवा बाप कोण याची खात्री नसेल, तर हा निळा अर्ज भरायचा. मग आईची, संशय असलेल्या प्रत्येक कुत्र्याची आणि एकेका पिल्लाची तपासणी व्हायची आणि ज्याचं पिल्लू त्याच्या नावावर लिहून मिळायचं. नियम साधा होता. तरी निळा अर्ज मागायला कुणी जात नसे. तो मागणं म्हणजे आपल्या आवारातली कडी उघडी राहिली होती, हे आपल्याच तोंडाने सांगणं.

वहिनीने तो मागितला तेव्हा खिडकीपलीकडच्या कारकुनाने चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे नीट पाहिलं.

"कुणासाठी?"

"आमच्यासाठीच."

"आप्पांच्या केनेलसाठी?" त्याचा आवाज आपोआप खाली आला, कुणाच्या दुखण्याची चौकशी करताना येतो तसा.

तिला सगळेच वहिनी म्हणत. दीर नात्याने म्हणायचा, बाकीचे त्याचं ऐकून. गल्लीतली पोरं भूभूवाली काकू म्हणत आणि सासरे, म्हणजे आप्पा, सूनबाई. अकरा वर्षांपूर्वी तिचा नवरा दोन दिवसांच्या तापात गेला, तेव्हा आता ही माहेरी जाणार असं सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. बॅगही भरून झाली होती. पण त्याच आठवड्यात आप्पांची एक डॉबरमन कुत्री व्यायला बसली, पहिलंच पिल्लू आडवं आलं आणि आप्पांच्या जाड बोटांना ते वळवता येईना. हिने बाह्या वर सारल्या. आप्पा शेजारी बसून सांगत गेले, हिची बोटं तसं करत गेली. आठ पिल्लं झाली, आठही जगली. बॅग केव्हा रिकामी झाली ते पुढे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

तेव्हापासून केनेल तीच बघत होती. मागच्या अंगणात जाळीच्या चार खोल्या आणि आत भिंतीला लागून एक बंद खोली. पहाटे उठून फिनेल टाकून फरशी धुवायची, मोठ्या पातेल्यात हाडं उकळत ठेवायची, सहा जनावरांचे कान पुसायचे, नखं कापायची, गोचिड्या वेचायच्या. हाताला ओल्या केसांचा वास कायमचा बसला होता. एकदा बहिणीच्या घरी जेवायला बसली असताना भाचीने नाक मुरडलं, तर ही हसून म्हणाली, "अत्तर आहे ते. महागातलं."

आप्पा क्लबाचे सगळ्यात जुने सभासद होते. त्यांची एक गोष्ट क्लबात अजून सांगतात. तीसेक वर्षांपूर्वी, तपासण्या नव्हत्या तेव्हा, त्यांना शंका आली, की एका वेताला नराच्या मालकाने ठरलेल्याऐवजी दुसराच कुत्रा लावला. त्यांनी भरलेला अर्ज सगळ्यांसमोर फाडला आणि नऊ पिल्लं कागदांशिवाय ओळखीच्या लोकांत वाटून टाकली. 'माहीत नाही ते लिहायचं नाही,' एवढंच म्हणाले.

यंदा त्याच आप्पांनी क्लबाला पत्र दिलं होतं, की केनेलचं नाव माझ्यामागे सुनेला मिळावं. नाव मिळालं नाही तर आप्पांनंतर त्या अंगणात जन्मलेल्या पिल्लाला कागद मिळणार नव्हता, आणि बिनकागदाचा डॉबरमन म्हणजे नुसता काळा कुत्रा. ते ठरवणाऱ्या समितीची बैठक उन्हाळ्यानंतर होती. घर सासऱ्यांचं, आडनाव नवऱ्याचं, कपाटातल्या दोन चांगल्या साड्या बहिणीच्या. आपलं म्हणून काही मिळावं असं वहिनीला पहिल्यांदाच वाटत होतं, आणि तेही इतकं की पोस्टमनची सायकल वाजली की हातातलं टाकून ती फाटकाशी जायची.

फक्त एक गोष्ट समितीला माहीत नव्हती. दिरालाही नव्हती. आप्पा विसरायला लागले होते.

उंबऱ्याखालून पाणी झिरपावं तसं ते घरात आलं, आवाज न करता. चष्मा पिठाच्या डब्यात सापडायचा. आंघोळ झालेली असताना पुन्हा पाणी तापवायला सांगायचे. एकदा संध्याकाळी त्यांनी विचारलं, "थोरला अजून आला नाही कामावरून?" थोरला म्हणजे तिचा नवरा. ती म्हणाली, "येतील," आणि आत जाऊन कणीक मळायला बसली. दर रविवारी दीर यायचा आणि सगळीकडे नजर फिरवायचा. तो चौथ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहत होता आणि आप्पांना तिकडे न्यायचं त्याच्या मनात कधीचं होतं. "झेपत नाही असं दिसलं ना वहिनी, की त्याच दिवशी नेईन," म्हणायचा. म्हणून शनिवारी ती आप्पांकडून वर्तमानपत्रातल्या दोन बातम्या पाठ करून घ्यायची. आप्पांना वाटायचं, सुनेला वाचून दाखवतोय.

त्यातच काजळ माजावर आली. काजळ ही त्यांची सगळ्यात देखणी कुत्री, वहिनीने बाटलीने दूध पाजून वाढवलेली. माजावर आलेल्या कुत्रीसाठी आप्पांची एक पद्धत होती. पहिल्या दिवशी तिला आतल्या बंद खोलीत घ्यायचं, कडी लावायची आणि दाराच्या आतल्या बाजूला खडूने एक रेघ ओढायची. मग रोज सकाळी एक रेघ. मध्ये ठरलेल्या नराकडे नेऊन आणायचं, पण पुन्हा कडीतच ठेवायचं. एकवीस रेघा झाल्याशिवाय ती कडी निघायची नाही. पंचेचाळीस वर्षं ही पद्धत चुकली नव्हती. वहिनीला सगळी कामं दिली, पण हा खडू आप्पांनी स्वतःकडेच ठेवला होता. तीही म्हणायची, राहू दे, तेवढाच त्यांना आधार.

काजळसाठी शिलेदार नावाचा नर ठरला होता. त्याचे मालक बँकेतून निवृत्त झालेले, जाड मिशांचे, बोलके गृहस्थ. वहिनीला ते पहिल्यापासून 'विहीणबाई' म्हणत आणि त्यामुळे सगळा क्लब त्यांना 'व्याही' म्हणायला लागला होता. बाराव्या दिवशी जोड लागली. व्याह्यांनी मेटिंगच्या कागदावर तारीख घालून सही केली. "मुलीकडच्यांनी काही आणलं नाही वाटतं," म्हणाले. वहिनीने पिशवीतून हाडांची पुडी काढून शिलेदारपुढे ठेवली. "आणलंय की. जावयाचं जावयाला."

चौदाव्या दिवशी सकाळी ती खाटकाकडे गेली. परत येऊन फाटक लोटलं तर अंगणात काजळ आणि त्यांचाच तरणा नर बंडू शेपटीला शेपटी लावून, विरुद्ध दिशांना तोंडं करून अडकलेले. बंडू काजळच्या बहिणीचा मुलगा, म्हणजे भाचाच. आणि दोन हातांवर खुर्ची टाकून आप्पा वर्तमानपत्र वाचत होते.

"आप्पा!"

"काय गं?"

"काजळला कुणी सोडलं?"

"मी सोडलं. एकवीस झाले."

ती आत धावली. दाराच्या आतल्या बाजूला रेघा होत्या, सरळ, एकसारख्या, वळणदार अक्षर असलेल्या माणसाच्या. तिने बोट ठेवून मोजल्या. एकवीस. पुन्हा मोजल्या. आज ओढली की नाही हे आठवेनासं झाल्यावर आप्पांनी ती पुन्हा ओढली होती, कधी चहाआधी, कधी चहानंतर. पद्धत तसूभरही चुकली नव्हती. एकवीस रेघा भरल्यावरच त्यांनी कडी काढली होती.

अडकलेल्या कुत्र्यांना ओढून सोडवता येत नाही. पंचवीस मिनिटं ती हाडांची पिशवी हातात घेऊन उभी राहिली. आप्पांनी एकदा मान वर करून पाहिलं, आणि पान उलटलं.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "इंजेक्शन देता येईल. पण मग सगळीच जातील. शिलेदारचीही. गर्भाशयाचं पुढे काय होईल ते वेगळंच." ती नको म्हणाली. मग नऊ आठवडे ती रोज काजळच्या पोटावर हात ठेवून मनाशी घोकत राहिली, की जे राहिलंय ते बाराव्या दिवसाचंच असू दे. आप्पांच्या डोक्यातून ती सकाळ पुसून गेली होती. तिने कुणाला सांगितलं नाही.

एका सकाळी काजळ व्यायली. सात पिल्लं झाली. सातही काळी कुळकुळीत, भुवयांवर तांबूस ठिपके, छातीवर तांबूस फुली. शिलेदारची म्हणावीत तर शिलेदारची, बंडूची म्हणावीत तर बंडूची.

व्याही पेढ्याऐवजी बिस्किटांचा पुडा घेऊन आले. तिने त्यांना सगळं सांगितलं, फक्त कडी कुणी काढली ते सोडून. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"विहीणबाई, हे मी ऐकलं नाही."

"पण झालंय तसं."

"अहो, सात तोंडं आणि सातही सारखी! कोण बघणार आहे? एक बाप लिहा, माझी सही तयार आहे. तुमचं नाव समितीपुढे आहे. आत्ता कशाला हात पोळून घेता?"

एका बापाचा अर्ज तिने भरलाही. सुंदर भरला. दोन दिवस तो कपाटात कपड्यांच्या घडीखाली पडून होता. मनात एकच घोळत होतं. ज्या नावासाठी आपण जीव टाकतोय, त्या नावाखाली आपल्या हाताने लिहिलेलं पहिलंच वेत खोटं. मग ते नाव घेऊन काय करायचं? तिसऱ्या दिवशी ती क्लबाच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. तिने मनात वाक्यही जुळवून ठेवलं होतं: कडी सैल झाली होती. सैल कडी निघायला कुणाचा हात लागत नाही.

नोंदणीच्या बाई रविवारी आल्या, कारण त्यांना तोच दिवस मोकळा होता. त्यामुळे दीरही घरात होता. चहाचा कप घेऊन तो आतल्या खोलीच्या दारात टेकून उभा राहिला. बाई कामाला चोख. काजळच्या मानेवर यंत्र फिरवून कातडीखालच्या चिपचा नंबर पाहिला, गालाच्या आतून कापूस लावलेली काडी फिरवली, नळीत घातली, चिठ्ठी लावली. मग एकेक पिल्लू. प्रत्येक पिल्लाच्या गळ्यात वहिनीने वेगळ्या रंगाचा दोरा बांधला होता. शिलेदारचा नमुना त्या व्याह्यांकडून आधीच घेऊन आल्या होत्या. शेवटी राहिला बंडू. त्याने बाईंच्या खांद्यावर दोन्ही पाय ठेवून त्यांचा कान चाटला.

"हाच ना तो संशयित?" बाई मान बाजूला घेत म्हणाल्या. "चेहऱ्यावर पश्चात्ताप अजिबात नाही."

सगळे हसले. आप्पाही हसले. बाईंनी निळा अर्ज उलटा केला. मागच्या बाजूला लिहिलं होतं: दुसरा संबंध कसा आणि कोणाच्या चुकीमुळे घडला, हे केनेलमालकाने स्वतःच्या हाताने लिहावे. वहिनीने 'कसा' वाचलं होतं. 'स्वतःच्या हाताने' हे तिच्या नजरेतून निसटलं होतं.

"आप्पा, तुम्ही लिहायचंय," बाई म्हणाल्या. "चौदाव्या दिवशी कडी उघडी राहिली. कशी राहिली?"

आप्पांनी कपाळाला आठ्या घातल्या. "चौदाव्या? शक्य नाही. एकवीसच्या आत मी कडी काढत नाही."

"पण निघाली ना."

"हो, निघाली म्हणता खरी." ते विचार करत होते. एखादा हिशोबी माणूस करतो तसा, एक एक पायरी. "घरात माणसं दोन. मी काढली नाही." त्यांनी वहिनीकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता, कावाही नव्हता. फक्त उत्तर सापडल्याचं समाधान होतं. "म्हणजे हिनेच काढली असणार."

आणि त्यांनी लिहायला घेतलं. अक्षर अजून मोत्यासारखं. 'मी नियमाप्रमाणे कुत्री कडीत ठेवली होती. चौदाव्या दिवशी माझ्या सुनेच्या हातून कडी उघडी राहिली. माझ्या आवारात पंचेचाळीस वर्षांत असे कधी झाले नाही.' खाली सही, सहीखाली तारीख. तारीख वहिनीने हळूच सांगितली.

बाईंनी कागद तिच्याकडे सरकवला. "खाली तुमच्यासाठी चार ओळी आहेत. मान्य नसेल तर कारण लिहा." मग आवाज उतरवून, "नावाचा अर्ज तुमच्यासाठीच आहे ना? समिती हा कागद त्याला जोडणार. घाई करू नका."

ज्या दाराला दीर टेकला होता, त्याच दाराच्या आतल्या बाजूला एकवीस रेघा होत्या. तिने पुसल्या नव्हत्या. दार ओढून घेतलं असतं तरी पुरे होतं. मेटिंगच्या कागदावरची तारीख आणि त्या रेघा, दोन्ही शेजारी ठेवल्या की शेंबड्या पोरालाही समजलं असतं. बाईंना समजलं असतं. आणि दिरालाही. त्याने कप खाली ठेवून आप्पांची बॅग भरायला घेतली असती. चौथा मजला. बंद दार. लिफ्टमध्ये नवीन माणसं. आप्पा कुठल्या खोलीत कशाला आलो हे विचारत फिरणार, आणि 'येतील' म्हणायला तिथे कुणी नसणार.

एका पिल्लाने तिच्या पायाचा अंगठा तोंडात धरून चोखायला सुरुवात केली होती. तिने पाय हलवला नाही. पेन घेतलं आणि चार ओळींपैकी पहिल्या ओळीवर लिहिलं: 'वरील मजकूर मान्य.'

"वहिनी, तुझ्याकडून?" दीर म्हणाला. "मला वाटत होतं, निदान तुझ्या भरवशावर तरी सोडता येतं."

"ओरडू नकोस तिला," आप्पा म्हणाले. "माणूस आहे. होते चूक." आणि त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. सगळ्यात जास्त तिला तोच जड गेला. बाई गेल्यावर तिने ओलं फडकं घेऊन दार पुसलं.

दीड महिन्याने पाकीट आलं. पाच पिल्लं शिलेदारची, दोन बंडूची. सातही नोंदवली गेली. सात स्वच्छ कागद, प्रत्येकावर आईसाठी एक ओळ आणि बापासाठी एक. त्यांच्याखाली आठवा कागद होता. केनेलचं नाव हस्तांतरित करण्याची विनंती देखरेखीतील हलगर्जीपणामुळे नामंजूर. पाच वर्षांनी पुन्हा अर्ज करता येईल.

आप्पा ब्याऐंशीचे होते. तिने बेरीज केली नाही.

व्याही कळवळले. "सांगत होतो मी. खरं बोलून मिळवलंत काय?" ती म्हणाली, "पिल्लांना बाप मिळाले."

त्यानंतर आप्पांनी कडीला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या खिशात ठेवली. "तुझ्यावर अविश्वास नाही," म्हणाले, "पण एकदा झालंय ना." किल्ली कुठल्या खिशात ठेवली ते त्यांना आठवायचं नाही, म्हणून वहिनीने दुसरी करून घेतली होती. ते झोपले की ती कुलूप काढून खोली धुवायची, आणि ते उठायच्या आत पुन्हा लावायची. बाहेरच्या लोकांना ते सांगत, आमची सून कष्टाळू आहे हो, फक्त जरा वेंधळी. ती चहा देऊन आत निघून जायची.

एवढं करून तिने मिळवले ते आठ महिने. थंडीत एका दुपारी आप्पा फाटकाबाहेर गेले आणि दोन तासांनी भलत्याच वस्तीत, एका अनोळखी अंगणात, कुणाच्या तरी साध्या कुत्र्याचे दात तपासत असताना सापडले. लोकांनी खिशातल्या चिठ्ठीवरून फोन लावला. चिठ्ठीवर नंबर दिराचा होता. त्याने या वेळी रविवारची वाट पाहिली नाही. तिच्यावर तो चिडलाही नाही. एवढंच म्हणाला, "कधीपासून चाललंय हे?" तिने आप्पांच्या पायांवरची माती पुसायला घेतली. कधीपासून हे सांगितलं असतं तर पुढचंही सगळं सांगावं लागलं असतं, आणि आता ते सांगून कुणाचंच काही बदलणार नव्हतं.

जनावरं एकेक करून गेली. बंडू एका कारखान्यावर राखणीला गेला. म्हाताऱ्या दोघी डॉक्टरांनी घेतल्या. काजळसाठी व्याही स्वतः आले, मालकी बदलायचा कागद घेऊन. आप्पांचं सामान दारात बांधून ठेवलेलं होतं आणि ते खुर्चीत बसले होते, पायांत मोजे घालून, बाहेर निघालेल्या पाहुण्यासारखे. दीर आत कपाटं आवरत होता.

वहिनीने काजळला त्यांच्यापुढे उभं केलं. आप्पांचे हात आपोआप उठले. त्यांनी तिचा ओठ वर करून दात पाहिले, पाठीवरून हात ओढत शेपटीपर्यंत नेला, मागचे पाय दाबून पाहिले. बोटं काहीच विसरली नव्हती.

"झकास आहे कुत्री," ते म्हणाले. "कुणी वाढवलीय हिला? ज्याने वाढवली त्याच्या हाताला चव आहे."

व्याह्यांनी वहिनीकडे पाहिलं. तोंड उघडलं, पण तिने मान हलवल्यावर मिटलं.

"इथे सही करा, आप्पा," ती म्हणाली आणि ओळीवर बोट ठेवलं.

त्यांनी सही केली. व्याह्यांनी कागदाची घडी करून खिशात घातली आणि पट्टा हातात घेतला. काजळ फाटकापर्यंत नीट गेली. तिथे बसली. व्याह्यांनी बिस्किट दाखवलं, चुचकारलं, ओढून पाहिलं. ती मागे वळून बघत राहिली.

"विहीणबाई, हिला काही समजावा."

वहिनीने पातेल्याखालचा गॅस बंद केला, चपला घातल्या आणि बाहेर आली. पट्टा व्याह्यांच्याच हातात राहिला. ती नुसती पुढे चालायला लागली, तशी काजळ उठली आणि तिच्या पायाला खेटून निघाली. व्याह्यांचं घर पाऊण तासावर होतं.